हॉलमधला उजेड

आईचा फोन सकाळी साडेसातला आला, की तक्रार आहे असं समजायचं. नुसती खुशाली विचारायची असेल तर ती रात्री जेवणं, ओटा, झाकपाक सगळं उरकल्यावर करते. सकाळचा फोन म्हणजे अण्णांचं काहीतरी.

"त्या तुझ्या कॉम्प्युटरचं काय ते बघ बाई एकदा." बिघडलेली वस्तू आमच्या घरात आपोआप माझी होते. "रात्री आपला आपण चालू होतो. पॅसेजच्या भिंतीवर उजेड पडतो सगळा. आणि मग हे उठून जातात."

"बंद करायला?"

"कुणास ठाऊक. लवकर परत येत नाहीत."

"किती वाजता होतं हे?"

"दोनला. मी जागीच असते की."

पुण्यात एका कंपनीच्या सपोर्ट डेस्कवर मी बारा वर्षं काढलीत. तिथे 'कधीकधी होतं' हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण कधीकधी होणारी गोष्ट आपण बघायला गेलो की हमखास होत नाही. 'रोज दोनला' ऐकल्यावर मात्र जीव भांड्यात पडला. वेळ पाळतोय म्हणजे कुणीतरी वेळ लावून दिलेली आहे. कुणी, एवढंच शोधायचं. आषाढी तोंडावर आली होती. तिला जोडून दोन दिवस रजा टाकली आणि सांगलीची गाडी पकडली.

खरं तर या सगळ्याचं मूळ माझ्याकडेच होतं. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी करणं भाग पडलं तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या अण्णांनी पोरासोरांच्या शेजारी बसून तो कोर्स केला, आणि तिथल्या सरांचं एक वाक्य गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं: कॉम्प्युटर नीट शट डाउन केल्याशिवाय जागचं उठायचं नाही. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरवर विंडोज 98 होतं. शट डाउन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटायची, आता बंद करायला हरकत नाही म्हणून. ती दिसली की अण्णा आधी सीपीयूचं बटण, मग मॉनिटरचं, मग यूपीएसचं आणि शेवटी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करत. मग आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. पुढे मशिनं बदलली, नारिंगी अक्षरं गेली, पण बटणांचा क्रम आणि कव्हर तसंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी शहाणपणा केला. "अण्णा, रोज बंद कशाला करता? झोपवून ठेवा. ही चंद्रकोर दिसते ना, ती दाबायची. सकाळी बटण दाबलंत की कालचं सगळं जिथल्या तिथे." वर पासवर्ड विचारण्याची कटकटही काढून टाकली.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता. "झोपेत वीज किती खातो?"

दोनएक वॅट धरा, म्हटलं. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर त्यांनी हिशेब मांडला. दोन गुणिले चोवीस गुणिले 365, भागिले हजार. वर्षाला साडेसतरा युनिट. पेन्सिल कानावर अडकवून त्यांनी थोडा वेळ त्या आकड्याकडे बघितलं आणि "चालेल" म्हणाले. त्या दिवसापासून कव्हर गेलं आणि चंद्रकोर आली.

कॉम्प्युटरची झोप लोकांना समजावून सांगताना मी शाळेतल्या सुभाषिताचा आधार घेते. काकचेष्टा, बकध्यान, श्वाननिद्रा. स्लीप ही ती श्वाननिद्रा. प्रोसेसर थांबतो, पंखे थांबतात, डिस्क थांबते. पण मेमरीला थेंबभर वीज मिळत राहते, कारण आपण उघडून ठेवलेलं सगळं तिथेच जपलेलं असतं. आणि कान उघडे असतात. कीबोर्डची कळ, माउसची हालचाल, नेटवर्कवरून आलेली हाक, आतल्या घड्याळाने दिलेला गजर, यातलं काहीही त्याला उठवू शकतं. हायबरनेट म्हणजे बेडकाची शीतनिद्रा: मेमरीतलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवून ठेवायचं आणि मेमरीची वीजही तोडायची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर 1996 मध्ये एसीपीआय नावाचं मानक आणलं. त्यात या अवस्थांना क्रमांकच आहेत. एस-झिरो म्हणजे टक्क जागा, एस-थ्री श्वान, एस-फोर बेडूक आणि एस-फाइव्ह म्हणजे बंद. (हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमधून एस-थ्री काढूनच टाकलंय. झाकण मिटलं तरी ते मोबाइलसारखे अर्धवट जागे असतात, अधूनमधून नेटवर डोकावतात, आणि एखाद्या दिवशी बॅगेतून भाकरीच्या तव्यासारखे तापलेले निघतात. ही सुधारणा मला मुळीच आवडलेली नाही.)

मॉनिटरची झोप वेगळी, आणि तिची जुनी तऱ्हा मला फार आवडते. व्हेसा या संस्थेने 1993 साली ठरवलेल्या पद्धतीत कॉम्प्युटर मॉनिटरला 'झोप' असं सांगतच नसे. दोघांमधल्या तारेतून सतत दोन ठोके जात असत, एक आडव्या ओळींचा आणि एक उभ्या फेरीचा. ते ठोके नुसते थांबवायचे. दोन्ही थांबले की मॉनिटर काय ते समजून मिटत असे. बोलणं बंद झालं की समोरच्याने ओळखायचं. आई अण्णांना टीव्हीसमोरून उठवते ती याच पद्धतीने.

सांगलीत पोचल्यावर पहिला संशय अर्थातच माउसवर. कॉम्प्युटरचं टेबल म्हणजे अण्णांचं जुनं लिहायचं टेबल. वर जाड काच, काचेखाली एसटीचं कधीकाळचं वेळापत्रक, माझा नववीतला फोटो आणि कुणाच्या तरी वास्तुशांतीचं निमंत्रण. ऑप्टिकल माउसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. सेकंदाला हजारावर चित्रं घेऊन खालची जमीन सरकली का, ते तो बघत असतो. खाली काच असली की त्याची नजर ठरत नाही, आणि कुणी हात न लावताही हलल्याचा भास होतो. लॉकडाउनमध्ये आमच्या टीममधला एक पठ्ठ्या याच कॅमेऱ्याला फसवायचा. माउस काट्याच्या मनगटी घड्याळावर ठेवून द्यायचा. सेकंदकाटा फिरत राही, माउसला वाटे हात फिरतोय, आणि दुपारी घोरत पडलेल्या माणसाच्या नावापुढचा ठिपका संध्याकाळपर्यंत हिरवागार. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

तर डिव्हाइस मॅनेजर उघडला, माउसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्यायचा का, त्यापुढची खूण काढली. माउसखाली जुन्या वहीचा पुठ्ठा सरकवला. पण मनातून पटत नव्हतं. काचेला दोन वाजलेले कसे कळणार?

आई दारात उभी राहून बघत होती. "माझ्यावरसुद्धा रुसला होता तुझा लॅपटॉप, आठवतंय का?"

आठवत होतं. मागच्या दिवाळीत ती माझ्या लॅपटॉपवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत बसली की तो मधेच काळा पडायचा. माझ्या हातात दिला की ठणठणीत. मी डिस्प्लेचा ड्रायव्हर काढून परत घातला, बॅटरी सेव्हर बंद केला, स्क्रीन किती मिनिटांनी मिटायची ते सगळे आकडे 'कधीच नाही'वर नेले, एक अख्खा दिवस घालवला. दोष निघाला तिच्या डाव्या मनगटात. रक्तदाबासाठी म्हणून तिने एक चुंबकाचं ब्रेसलेट घेतलेलं. झाकण मिटलं की नाही हे लॅपटॉपला कळतं ते पडद्याच्या कडेत लपवलेल्या चुंबकामुळे आणि खालच्या भागातल्या सेन्सरमुळे. एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर तो सेन्सर चालतो. आईचं मनगट नेमकं त्या जागी टेकलं की बिचारा समजायचा, झाकण लावलं, झोपा. ब्रेसलेटने रक्तदाबाचं काही झालं की नाही ते डॉक्टरांना विचारा. लॅपटॉपवर गुण आला होता.

पहिल्या रात्री मी प्रवासाने मेल्यासारखी झोपले. सकाळी आईने चहाबरोबर बातमी दिली, "झाला होता."

म्हणजे माउस सुटला. मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं, इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजमध्ये ही एक वही असते आणि ती कुणी वाचत नाही. कॉम्प्युटर कधी झोपला, कधी उठला, कुणी उठवलं, सगळं तिच्यात लिहिलेलं. सिस्टिमच्या नोंदींमध्ये 'पॉवर-ट्रबलशूटर' या नावाच्या ओळी गाळून काढल्या. रोज रात्री दोन. कारण: टायमर. विंडोज आपली साफसफाई आणि देखभाल मुळातच रात्री दोनला लावून ठेवतं, आणि परवानगी असेल तर त्यासाठी झोपलेल्या यंत्राला उठवतं. ज्या वेळी माणूस कॉम्प्युटरवर बसत नाही अशी वेळ कुणीतरी शोधली असणार. आमच्या घरी ती चुकली.

गुन्हेगार सापडला म्हणून मी खूश होणार, तेवढ्यात नोंदींमधलं दुसरं काहीतरी खुपलं. असं टायमरने उठलेलं यंत्र जास्त वेळ जागं राहत नाही. समोर माणूस नाही हे त्याला कळतं. पडदा तसाच काळा ठेवून काम करायचं, आणि ते संपलं की दोन मिनिटांत परत झोपायचं, असा एक छुपा हिशेब आत असतो. महिनाभरापूर्वीच्या नोंदी तशाच होत्या. दोनला उठला, काही मिनिटांत झोपला, घरात कुणाला पत्ता नाही. पण गेल्या आठ-नऊ रात्रींपासून चित्र बदललं होतं. दोनला उठला आणि झोपला पावणेतीनला. एकदा तीन वाजून दहा मिनिटांनी. आणि प्रत्येक वेळी आपणहून नाही, कुणीतरी चंद्रकोर दाबून झोपवलेला.

अण्णांना चंद्रकोर दाबायला पाऊण तास लागतो?

त्यांना सरळ विचारता आलं असतं. पण सपोर्टच्या कामाचा एक नियम आहे, युजरला विचारायच्या आधी लॉग बघा. आणि मला तर आता या घडीचं बघायचं होतं. कमांडच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'रिक्वेस्ट्स' असं लिहिलं की विंडोज सांगतं, सध्या कोण कोण मला झोपू नको म्हणतंय. डिस्प्ले, सिस्टिम अशी पाचसहा शीर्षकं येतात, आणि एरवी प्रत्येकाखाली 'नन', म्हणजे कुणी नाही. ही कमांड मला अतिशय आवडते. झोप न येणाऱ्या माणसासाठी अशी कमांड नाही. पण तिच्यात मागचं काही दिसत नाही, त्या क्षणी जे आहे तेवढंच. म्हणजे दोनला तिथे हजर राहणं भाग होतं.

नवमीची रात्र. बाहेर पावसाची बारीक रिपरिप. मी पावणेदोनला हॉलमध्ये येऊन टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटरचा लहानसा दिवा सावकाश मंद होत होता, उजळत होता. दोन वाजले आणि आधी आतून एक टक असा आवाज आला, मग पंख्याची घरघर, मग मॉनिटर क्षणभर राखाडी झाला. आणि हॉलभर उजेड पडला.

पडद्यावर विठ्ठल होता.

पंढरपूरचं थेट दर्शन. आवाज नव्हता, स्पीकरची चावी अण्णांनी मिटवलेली. कुणाचे तरी हात पायांवर येत होते, डोकं टेकत होतं, बाजूचा माणूस खांद्याला धरून पुढे सरकवत होता, लगेच दुसरं डोकं. मी कमांडची खिडकी उघडून ओळ लिहिली. डिस्प्लेच्या खाली ब्राउझरचं नाव, आणि पुढे कारण: व्हिडिओ चालू आहे.

बाकी कोडं मग सुटतच गेलं. झोपायच्या आधी अण्णा दर्शन घेतात आणि ते पान तसंच ठेवून चंद्रकोर दाबतात. चंद्रकोर दाबली की कुणाचीही विनंती असो, यंत्र झोपतंच. दोनला टायमरने उठलं की ते पान परत पंढरपूरला जोडलं जातं. एरवीच्या रात्री शेजारती होऊन देव झोपलेला असतो, दाखवायला काही नसतं, पान गप्प राहतं आणि दोन मिनिटांत कॉम्प्युटरही. पण वारीत पंढरपुरात देवाचा पलंग काढतात. राजोपचार थांबतात, काकडा नाही, शेजारती नाही, चोवीस तास दर्शन. उभं राहून शीण येईल म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी कापसाचा लोड लावतात, रुक्मिणीला तक्क्या देतात. वारी सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने आंघोळ, शिणवट्यावर काढा, आणि मग कुठे पलंग परत. पंचांगात त्याच एकादशीचं नाव देवशयनी. चार महिने देव झोपणार म्हणून आपण उपास करतो, आणि पंढरपुरात त्याला डोळा मिटायची सोय नाही, कारण रांगेतल्या प्रत्येकाची एक रिक्वेस्ट आहे. पलंग निघाला त्या दिवसापासून व्हिडिओ रात्रभर चालू झाला, आणि व्हिडिओ चालू आहे म्हणून पडदाही उजळू लागला.

मागे पावलं वाजली. अण्णा, अंगावर शाल, हातात चष्मा. मला बघून दचकले नाहीत.

"जागी आहेस होय?" त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून आणली. "जरा सरक." बसले, चष्मा लावला, थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "ते काळं काढ गं पायावरचं."

कमांडची खिडकी नेमकी विठ्ठलाच्या पायांवर उघडली होती. मी ती बंद केली.

"यावेळी जरा निवांत टेकू देतात डोकं," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवसा नुसती ढकलाढकल." आणि थोड्या वेळाने, पडद्यावरून नजर न काढता, "तूच लावून दिलंयस ना हे दोनचं? मी म्हटलं हिला... नाही, तुझ्या आईला नाही सांगितलं, मनातच म्हटलं, पोरीनं न बोलता सोय केली."

गुडघ्यांमुळे अण्णांची वारी सुटून सहा वर्षं झाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एक म्हातारी पायांवर डोकं ठेवून उठेना. बाजूच्या माणसाने दोनदा हात लावला, तिसऱ्यांदा लावला नाही, थांबला. अण्णांनी हात जोडले.

सकाळी आई पोहे परतत होती. "सापडलं का?"

"सापडलं."

"मग कर बाई बंद. डॉक्टर म्हणतात सात तास झोप पाहिजे, आणि हे निम्मी रात्र भुतासारखे हॉलमध्ये."

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, प्लॅन सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, स्लीप, त्याच्या पोटात 'अलाउ वेक टायमर्स'. तिथे एनेबलचं डिसेबल केलं. या एका ओळीसाठी लोक नवीन कॉम्प्युटर घ्यायला निघालेले मी बघितलेत. अण्णा शेजारी चहाची बशी घेऊन उभे होते.

"आता दोनला नाही उठणार?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि बशी विसळायला आत गेले.

पुढे श्रावणात गेले तेव्हा आई खुशीत होती. भिंतीवर उजेड नाही, काही नाही, हे आता छान झोपतात, तुझ्या हाताला गुण आहे म्हणाली. पॅसेजचं मधलं दार हल्ली ते रात्री लावून घेतात, डास येतात म्हणून, हेही तिनेच सांगितलं. दुपारी सगळे लवंडल्यावर मी अपडेट बघायच्या निमित्ताने कॉम्प्युटरवर बसले आणि ती वही उघडली. एकादशीपासून प्रक्षाळपूजेपर्यंतच्या रात्री. दोनचा टायमर एकदाही नाही. 1:52. 2:09. 1:58. 2:04. 1:47. आणि पुढे प्रत्येक ओळीत उठण्याचं कारण एकच: पॉवर बटण.